मारधाडीचे चित्रपट पाहून प्रेक्षकांची मनःस्थिती बिघडते का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा १५ वर्षांचा आहे, मारामारीचा पिक्चर बघून आला की तासभर कुणाशी धड बोलत नाही, दारं आपटतो, आणि हा स्वभाव कायमचा होईल का. मी डॉक्टर नाही. पण नाशकात शालिमारजवळच्या एका टॉकीजबाहेरचं सायकल स्टँड मी १९८४ ते २००३ चालवलं. आत काय लागलंय हे मला पोस्टरपेक्षा सुटलेल्या पब्लिकवरून जास्त कळायचं.

रडका कौटुंबिक पिक्चर सुटला की लोक सावकाश यायचे, बिल्ला शोधण्यात पाच मिनिटं घालवायचे, सुटे पैसे विसरून जायचे. मारधाडीचा सुटला की एकदम लोंढा. उगाच अ‍ॅक्सिलेटर पिळणार, "ए, माझी गाडी आधी काढ." बिल्ला हरवला तर एरवी हसत दोन रुपये दंड भरणारा माणूस अशा वेळी अंगावर यायचा. सातपूरच्या कंपनीतल्या एकाने माझी कॉलरच धरली होती. दुसऱ्या दिवशी तोच चिवड्याचा पुडा घेऊन आला.

माझी मुलगी मानसशास्त्रात एम.ए. झाली. तिला हे सांगितलं तर म्हणाली, बाबा, डॉल्फ झिलमन नावाच्या माणसाने हेच मांडलंय. पडद्यावरच्या हाणामारीने नाडी वाढते, श्वास वाढतो, आणि थेटरातले दिवे लागले म्हणून ते लगेच उतरत नाही. तेवढ्यात कुणी डिवचलं तर अंगात उरलेली गरमी त्या नव्या रागाला जाऊन मिळते. माणसाला वाटतं, आपण या बिल्लेवाल्यावरच इतके तापलोय.

सगळ्यांचं असं होत नाही. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रातले जवान रविवारी यायचे. लढाईचा पिक्चर असला की ते हसत बाहेर पडायचे. का म्हणून विचारलं तर एक म्हणाला, "हातगोळा असा फुटत नाही हो."

आता माझं दुखणं. आमचे दाजी, मोठ्या ताईचे यजमान, पंचवटीत मास्तर होते. भाचा सुट्टीत माझ्याकडे स्टँडवर येऊन बसायचा. मॅनेजर मला महिन्याला दोन-चार पास द्यायचा, त्यातला एखादा मी त्याला द्यायचो. १९९३ च्या पावसाळ्यात, आठवीत असताना, त्याने वर्गातल्या एका पोराच्या डोक्यात कंपासपेटी घातली. तीन टाके पडले. दाजी तडक स्टँडवर आले आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "तुझ्या फुकटच्या पासांनी माझं पोर गुंड झालं." त्यानंतर दोन भाऊबिजा ताई आमच्याकडे आली नाही.

दाजी बी.एड. झालेले, त्यामुळे त्यांच्या हातात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरांचं शस्त्र. १९६१ चा तो प्रयोग: मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला बडवलं, ते पाहून लहान पोरांनीही बडवलं. पुढे हेच फिल्मवर दाखवलं तरी पोरांनी बडवलं. प्रयोग खराच आहे, पण दाजी, ती बाहुली मारली तरी पुन्हा उभी राहणारी, बडवायलाच केलेली होती. आणि ती मुलं बालवाडीच्या वयाची होती.

भाच्याचं काय झालं होतं ते मला आठ-नऊ वर्षांनी त्याच्याच तोंडून कळलं. त्या आठवड्यात आमच्याकडे लग्नाचा, गाण्यांचा पिक्चर लागला होता. त्यात साधी एक थोबाडीतही नव्हती. घरी मात्र रोज संध्याकाळी बीजगणित चुकलं की दाजींचा पट्टा निघायचा. कवायतीच्या तासाला शर्ट वर झाला, एका पोराला पाठीवरचे वळ दिसले, आणि त्याने ते वर्गभर केलं. त्याचंच डोकं फुटलं. यात पडदा कुठे आला?

अमेरिकेत डाल आणि डेलाविन्या या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९५ ते २००४ ची आकडेवारी तपासून २००९ मध्ये दाखवलं की हिंसक चित्रपटांना गर्दी असते त्या संध्याकाळी आणि रात्री मारहाणीचे गुन्हे वाढत नाहीत, उलट घटतात. कारण साधं आहे. मारामारी करणारी पोरं तेवढा वेळ खुर्चीत असतात, गुत्त्यावर नसतात. आमच्या बीटचा हवालदार हे फुकटात सांगायचा: "शो हाउसफुल्ल असला की माझा चहा निवांत होतो."

आणि रक्त किती सांडलं यावरही मूड ठरत नाही. २०१६ ला 'सैराट' पाहिला, तेव्हा स्टँड बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यात शेवटचा खून दाखवलेलाच नाही, फक्त लेकराची रक्ताळलेली पावलं. पार्किंगमध्ये एकानेही हॉर्न वाजवला नाही. मला स्वतःला दोन दिवस जेवण गेलं नाही. पन्नास माणसं गोळ्या खाऊन पडलेला पिक्चर बघून आलो की मी भजी खायचो.

तरी एक सांगायचं राहिलं. लहान पोरांचं वेगळं असतं. मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला एका भुताच्या पिक्चरला नेलं होतं, पंधरा दिवस दिवा लावून झोपावं लागलं. ती चूक माझी. २०२३ च्या कायद्याने यूएमध्ये, म्हणजे आईबापांच्या देखरेखीखाली बघायच्या पिक्चरांमध्ये, ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे केलेत, ते तिकीट काढण्याआधी बघा. 'ए' असेल तर १५ वर्षांच्या पोराला पाठवायचंच नाही. आणि तो अमेरिकेतला अभ्यास त्या दिवसांपुरता आहे. वर्षानुवर्षं रोज तेच बघितल्याने काय होतं हे त्यावरून ठरत नाही. चिडचिड आठवडेच्या आठवडे राहिली, किंवा हात उगारायला लागला, तर डॉक्टरांकडे न्या.

बाकी तो घरी आला की आधी जेवायला वाढा. अर्धा तास मार्कांचा विषय काढू नका. आणि दार आपटतो ते फक्त पिक्चरच्याच दिवशी की गणिताच्या निकालाच्या दिवशीही, हे तारखा लिहून बघा.

परवा दाजींना फोन करून पट्ट्याचं सगळं बोललो. आता ८० च्या पुढे आहेत. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तरी पास द्यायला नको होतेस."