ईएसआयच्या ओळखपत्राची मुदत संपली, तर बेकारी भत्ता मिळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात तीन वर्षं काम केलं, पगारातून ईएसआय म्हणजे कामगार विम्याची वर्गणी कापली जात होती, दोन महिन्यांपूर्वी काम सुटलं. आता ईएसआयच्या कागदावरची तारीख उलटलीय, ड्रायव्हिंग लायसनही संपलंय. मग अटल बीमित व्यक्ति कल्याण योजनेचा, म्हणजे काम सुटलेल्या विमाधारक कामगारासाठीचा भत्ता मिळेल का?

ओळखपत्राची तारीख गेली म्हणून भत्ता अडत नाही. नवीन कार्डाच्या मागे लागून दिवस घालवू नका दादा, अडचण बहुतेक वेळा दुसरीकडेच असते.

तारीख असलेला तो कागद म्हणजे बहुधा नोकरी लागताना मिळालेलं तात्पुरतं ओळख प्रमाणपत्र. त्यावर दहा आकडी विमा क्रमांक आहे, तेवढाच आपल्या कामाचा. तो क्रमांक मुदत संपल्यावरही तुमचाच राहतो. त्या क्रमांकाने ईएसआयसीच्या, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन केलं की ई-पहचान कार्ड छापून घेता येतं. अर्जाला ओळख म्हणून आधार लागतं. लायसनचा इथे संबंध नाही. घरात कुणाचं विडी कामगाराचं कार्ड असेल तर तेही जोडू नका, ते वेगळ्या कल्याण निधीचं आहे. सोलापुरात एकाच पिशवीत ही सगळी कार्डं असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता जिथे खरंच अडतं ते बघा. पहिलं, नाव. ईएसआयच्या नोंदीत आणि आधारवर नाव व जन्मतारीख जुळायला हवी. एकीकडे ‘व्यंकटेश’, दुसरीकडे ‘वेंकटेश’, किंवा आडनाव एका ठिकाणी आधी आणि दुसऱ्या ठिकाणी शेवटी, असं शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत फार दिसतं. आधार बरोबर असेल तर ईएसआयची नोंद सुधारा. त्यासाठी मालकाचं पत्र आणि आधारची प्रत जोडून ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात अर्ज द्यायचा. आधार बदलणं शेवटचा उपाय, कारण तिथे नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. आधारला चालू मोबाइल जोडलेला नसेल तर तो मात्र आधी केंद्रावर जाऊन जोडून घ्या.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: मालकाने तुमचं काम सुटल्याची नोंद केलीय का? दरमहा वर्गणी भरताना ज्या कामगाराचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं. रजा, नोकरी सोडली, निवृत्त, कामगार कपात, काम नाही अशी ती यादी असते. त्यातच ‘एक्स्पायर्ड’ असंही एक कारण आहे, आणि त्याचा अर्थ कार्ड संपलं असा नसून कामगार मरण पावला असा आहे. तुमच्या नोंदीत तो शब्द दिसला तर त्याच दिवशी मालकाकडे आणि शाखेत दुरुस्ती मागा. ‘रजा’ पडली असेल तरी अर्ज अडतो, कारण कागदोपत्री तुम्ही अजून नोकरीतच असता. शेवटच्या कामाची तारीखही बरोबर पडलीय का ते पाहा, भत्त्याचे दिवस तिथूनच मोजतात.

तिसरं, विमा क्रमांक दोन असणं. कारखाना बदलला की काही मालक जुना क्रमांक न विचारताच नवा काढतात. मग दोन वर्षांची नोकरी दोन तुकड्यांत पडते आणि एकाही क्रमांकावर अट पुरी होत नाही. दोन्ही क्रमांक लिहून ते जोडण्याचा अर्ज शाखेत द्या.

अट अशी: काम सुटण्यापूर्वी किमान दोन वर्षं विम्याखालची नोकरी, लगतच्या अंशदान (वर्गणी) कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीत पुन्हा ७८ दिवस. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. गैरवर्तनाची शिक्षा, वयोमानाने निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल तर भत्ता नाही.

रोजची रक्कम काढताना काम सुटण्यापूर्वीच्या चार कालावधींची एकूण कमाई भागिले ७३० (दोन वर्षांचे दिवस), आणि त्याच्या ५० टक्के. १२,००० पगार दोन वर्षं सलग असेल तर २,८८,००० भागिले ७३० म्हणजे सुमारे ३९४ रुपये, त्याचे निम्मे १९७. जास्तीत जास्त ९० दिवस, म्हणजे साधारण १७,७५० रुपये. मधले सहा महिने वर्गणीच भरलेली नसेल तरी भाजक ७३०च राहतो आणि हीच रक्कम १३,३१५ वर येते. म्हणून लॉगिनमध्ये महिन्यावार वर्गणी तपासा. १२,००० पगारावर तुमचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे महिन्याला ९० रुपये. ते कापले पण भरले नाहीत असं दिसलं तर पगाराच्या पावत्या घेऊन शाखेत लेखी तक्रार करा. कापलेला पैसा कायद्याने मालकाकडे तुमचा म्हणून सोपवलेला असतो.

अर्ज ऑनलाइन भरायचा. काम सुटून ३० दिवस झाले की भत्ता देय होतो, पण पुढच्या तारखांचा आगाऊ दावा चालत नाही. आधार आणि पासबुकाचं पहिलं पान स्कॅन करून चढवलंत तर कागद घेऊन जावं लागत नाही. चढवता आलं नाही तर प्रिंटवर सही करून प्रतींसह शाखेत द्या आणि पोच घ्या. स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र २०२०च्या अखेरीपासून लागत नाही, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

लायसन आडवं येईल ते फक्त बँकेत. तिथे केवायसीला तेच दिलं असेल आणि खातं थांबवलं असेल तर आधार किंवा मतदार ओळखपत्र देऊन ते आधी चालू करून घ्या. पासबुक जुन्या आंध्रा बँकेचं असेल तर आयएफएससी कोड नवा टाका. ती बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत विलीन झाली, आणि जुन्या कोडवर पाठवलेले पैसे परत जातात.

हा भत्ता आयुष्यात एकदाच मिळतो. योजना १ जुलै २०१८ पासून आहे आणि मुदतवाढीवर चालते, म्हणून भरण्याआधी चालू मुदत १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर विचारून घ्या. आणि तुमचा कारखानाच कायमचा बंद झाला असेल किंवा कायद्याने कामगार कपात झाली असेल, तर त्याच फोनवर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचंही विचारा. तिथे भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळतो, पण दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत.