वहीत हयात, गावात नाही

विश्रामबाग, सांगली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

कॅन्सरनंतर जगणारे देशात किती, असं तू विचारलंस आणि खाली ग्लोबोकॅनचा, म्हणजे देशोदेशीच्या कॅन्सरच्या जागतिक अंदाजाचा, 2022 चा आकडा दिलास, साधारण साडेबत्तीस लाख. उतरवलायस बरोबर. पण त्यात फक्त मागच्या पाच वर्षांत निदान झालेले आणि हयात असलेले येतात. माझ्या मावशीचं स्तनाचं ऑपरेशन 1998 साली मिरजेत झालं. बाई अजून उन्हाळ्यात पापड लाटते. ती त्यात नाही.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी बघत आपण वाढलो. दरवर्षीचे नवे रुग्ण म्हणजे कोयनेचा विसर्ग. 2022 साठी तो 14 लाखांवर धरलाय. हयात असलेले म्हणजे पुलाजवळची पातळी. पाणी पुढे किती वेगानं निघून जातं, यावरही ती ठरते. उपचार सुधारले, माणसं जास्त जगली, की पातळी चढणारच. ती चढली म्हणून 'कॅन्सर वाढला' असं लिहू नकोस. भले भले लिहितात.

डेन्मार्कमध्ये 1943 पासूनच्या नोंदी आहेत आणि 1968 पासून प्रत्येक माणसाला एक क्रमांक. ते सरळ मोजतात. आपल्याकडे बार्शीसारखी गावोगाव फिरणारी नोंदणी 1987 पासून आहे खरी, पण देशाचा बराचसा भाग अशा नोंदणीबाहेरच. म्हणून आपण हिशेब मांडतो: यंदाचे नवे, गेल्या वर्षीच्यांपैकी उरलेले, त्याआधीच्यांपैकी उरलेले, अशी बेरीज. 'उरलेले' किती, इथंच सगळं घोडं अडतं.

तुझ्या वयाचा असताना मी एका दवाखान्याच्या फायली मोजल्या आणि छाती फुगवून आकडा दिला. नंतर कळलं, एकाच बाईचे दोन केसपेपर होते, एक माहेरच्या नावानं, एक सासरच्या. अशा कितीतरी. शिवाय माणूस घरी जातो, दवाखान्याला कोण कळवणार? वहीत तो हयातच. तासगावकडचे एक आजोबा माझ्या यादीत 104 वर्षांचे झाले होते! मग चिडून मी फॉलोअपला न आलेले सगळेच वगळले. ती त्याहून मोठी चूक. बरे झालेलेही येत नाहीतच की. एसटीचं भाडं आणि दिवसाचा रोज कोण बुडवेल?

तेव्हा यादी घेऊन फोनला बस. संध्याकाळी सातनंतर कर, दिवसा माणसं रानात असतात. 'पेशंट आहेत का' असं विचारू नकोस, 'तब्येत कशी आहे' म्हण. गेले असं कळलं तर जरा थांब, मग तारीख विचार. तारीख आठवत नाही बहुतेकांना. गणपतीच्या आधी का नंतर, ऊसतोड चालू होती का, असं विचारलं की महिना सापडतो. तेवढा पुरतो.

तुझा,
सर