आंदोलन कुणाला खपत नाही, डाव्यांना की उजव्यांना?

आंदोलन चिरडायची खोड उजव्यांना जास्त की डाव्यांना, असं तुम्ही विचारलंय. दोघांनाही आहे. माझ्याच घरात दोन्ही पाहिल्या, म्हणून लिहितेय.

आम्ही परळच्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत विणकर, लाल बावट्याचे, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे (भाकप) कार्डधारक. संप म्हटला की सगळ्यांच्या पुढे. 1972 नंतर महागाईविरोधी मोर्चे निघायला लागले तेव्हा आई लाटणं घेऊन मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे जायची, आणि त्या दिवशी बाबा स्वतः भात लावायचे.

1975 च्या पावसाळ्यात, आणीबाणी लागून महिना झाला असेल, मोर्चातल्या एक समाजवादी बाई रात्री दहाला दारात उभ्या. भूमिगत होत्या. एक रात्र काढू द्या म्हणाल्या. मी बारा वर्षांची, पांघरुणातून ऐकत होते. बाबा उंबऱ्यातच उभे राहिले. "ताई, इथे नको." आई मागून म्हणाली, "अहो, पाऊस बघा तरी." बाबा हलले नाहीत. पोलीस येतील, पोरं लहान आहेत, असं म्हणाले असते तर मी समजून घेतलं असतं. ते म्हणाले, "जयप्रकाशांच्या मागे संघ आहे. हे प्रतिगाम्यांचं आंदोलन आहे." इंदिरा गांधींविरुद्धच्या जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाविषयी त्यांच्या पक्षाचं तेव्हा हेच म्हणणं होतं, आणि आणीबाणीला पक्षाचा पाठिंबा होता.

बाबांना वाटणारी उजव्यांची भीती खोटी नव्हती. जून 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, त्यात शिवसैनिकांना शिक्षा झाली. बाबा त्या अंत्ययात्रेत चालले होते. पण आणीबाणीला पाठिंबा बाळासाहेब ठाकरेंनीही दिला होता! हे बाबांना कधी सांगता आलं नाही.

आईनं चार चपात्या फडक्यात बांधल्या आणि बाईंना घेऊन दादरला मामाकडे गेली. मामा रोज संघाच्या शाखेत जाणारा. त्यानं अकरा दिवस त्यांना माळ्यावर ठेवलं, शेजाऱ्यांना कोकणातली मावशी म्हणून सांगितलं. एकदाही विचारलं नाही की तुम्ही कुठल्या पक्षाच्या.

याच मामानं कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सिंघू सीमेवर थंडीत बसलेले शेतकरी टीव्हीवर बघून म्हटलं, "दोन लाठ्या घाला, पळतील." फेब्रुवारी 2021 मध्ये पंतप्रधान राज्यसभेत 'आंदोलनजीवी' म्हणाले, तर तो शब्द त्यानं मला मुद्दाम फोन करून ऐकवला. मी विचारलं, मामा, तुझ्या माळ्यावर कोण होतं? म्हणाला, "ती गोष्ट वेगळी होती." बाबाही अगदी हेच म्हणायचे.

त्यामुळे एखादा माणूस विरोधकांच्या राजवटीतल्या मोर्चाविषयी काय बोलतो, ते मी ऐकूनच घेत नाही. आपलं सरकार असताना काय बोलतो ते बघा. भाकपपासून वेगळ्या झालेल्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची (माकप) माणसं आणीबाणीत तुरुंगात होती, अहिल्याताईसुद्धा. त्याच पक्षाच्या सरकारच्या पोलिसांनी 14 मार्च 2007 ला पश्चिम बंगालमधल्या नंदीग्राममध्ये जमीन वाचवायला उभ्या राहिलेल्या 14 जणांना मारलं. तेव्हा गप्प बसलेले डावे मित्र माझे आहेत, अजूनही मित्र आहेत, पण लोकशाहीवर मी त्यांचं व्याख्यान ऐकत नाही.

याचा अर्थ दोघे कायम सारखेच धोकादायक, असं मी म्हणत नाही. पोलीस ज्याच्या हातात त्याच्यावर आधी नजर ठेवायची. आणि एसटी जाळणं, रुग्णवाहिका अडवणं याला मी आंदोलन म्हणत नाही, हेही सांगून ठेवते.

माझा मामेभाऊ दर गणपतीत हा विषय काढतो: "तुझ्या वडिलांनी दार लावलं, माझ्या वडिलांनी उघडलं." तो हे वाचेल, म्हणून सांगते. खरं आहे. 1978 ला बठिंड्याच्या अधिवेशनात भाकपनं आणीबाणीला पाठिंबा देणं चूक होती हे मान्य केलं. त्यानंतर बाबा त्या बाईंच्या घरी गेले, मी सोबत होते. माफी मागताना त्यांचा आवाज फुटत नव्हता. बाईंनी चहा केला. मामा आता 84 चा आहे, सगळं आठवतं त्याला. त्या अकरा दिवसांत माळ्यावर काय काय बोलणं झालं ते एकदा त्याच्याकडून ऐकून घे, आणि मग शेतकऱ्यांवर माझ्याशी बोलायला ये.