चौथं वर्ष सोडू नका: अन्नसुरक्षेतली परदेशवाट

प्रश्न: माझी मुलगी फोंड्याच्या कॉलेजात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अन्नसुरक्षेत परदेशी संस्थांबरोबर संशोधन करायचं तिच्या मनात आहे. तीन वर्षांची पदवी घेऊन लगेच बाहेर पाठवा, असं एक एजंट सांगतो. काय करावं?
एक आई, डिचोली

ताई, एजंटाचं ऐकू नका. लेकीला चौथं वर्ष पूर्ण करू द्या, तेही संशोधनासह ऑनर्सचं, म्हणजे ज्यात संशोधन प्रकल्प असतो ते. युरोपातली बरीच विद्यापीठं आपली तीन वर्षांची पदवी मास्टर्सच्या प्रवेशाला पुरेशी धरत नाहीत. संशोधनाच्या चौथ्या वर्षाला पहिल्या सहा सेमिस्टरांत 75 टक्के लागतात. ती दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे गुण सावरायला अजून वेळ आहे.

आता या क्षेत्रात देश एकमेकांशी सहकार्य करतात म्हणजे नेमकं काय करतात, ते तिला कळायला हवं. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना (एफएओ) आणि जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) यांनी 1963 मध्ये कोडेक्स आयोग उभा केला. अन्नाची मानकं तिथे ठरतात. त्याच्या मसाल्यांच्या समितीचं यजमानपद भारताकडे आहे आणि तिचं दुसरं अधिवेशन सप्टेंबर 2015 मध्ये आपल्या गोव्यातच झालं. पण मानक कागदावर ठरलं तरी कोचीच्या आणि रॉटरडॅमच्या प्रयोगशाळेत एकाच मालाचं उत्तर सारखं यायला हवं. खरं काम तिथे आहे.

उदाहरणार्थ, अन्नातून विषबाधा करणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूची चाचणी पाहा. 25 ग्रॅम नमुना 225 मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये (जिवाणूंना सावरायला मदत करणाऱ्या पोषक द्रवात) घालून साधारण 18 तास 37 अंशांच्या आसपास ठेवतात, मग निवडक माध्यमांत, म्हणजे इतर जिवाणूंना रोखणाऱ्या द्रवांत, वाढवतात. गोठवलेल्या सुंगटांतले (कोळंबीतले) किंवा सुक्या मसाल्यातले जिवाणू अर्धमेले असतात. पहिली पायरी टाळली की ते निवडक माध्यमात तग धरत नाहीत आणि दूषित माल ‘स्वच्छ’ ठरतो. लवंग-दालचिनीत आणखी एक अडचण: त्यांतली तेलंच जिवाणूंची वाढ रोखतात. म्हणून अमेरिकेच्या एफडीए या अन्न व औषध प्रशासनाच्या पद्धतीत दालचिनीला 1:100 आणि लवंगेला 1:1000 इतकं पातळ करतात. नेहमीचं 1:10 वापरलं तर उत्तर चुकतं, आणि चुकलंय हे कोणाला कळतही नाही. ते पकडायला एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून निकाल ताडून पाहतात. आपलं उत्तर ठरलेल्या मूल्यापासून किती दूर आहे ते झेड-स्कोअर हा आकडा सांगतो: तो उणे 2 ते अधिक 2 मध्ये असला तर समाधानकारक, कुठल्याही बाजूला 3 किंवा त्यापलीकडे गेला तर कारण शोधून दुरुस्ती. ही शिस्त ज्या विद्यार्थ्याच्या अंगी आहे, त्याला कुठल्याही देशातला प्राध्यापक घेतो.

चौथ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय घराजवळच आहे: बांगड्यातलं हिस्टामिन, म्हणजे खाणाऱ्याला बाधणारं एक रसायन. मासळी बर्फाविना राहिली की जिवाणू तिच्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं हिस्टामिन करतात, आणि ते शिजवूनही जात नाही. युरोपीय संघ एका खेपेतून 9 नमुने तपासतो. त्यांतल्या जास्तीत जास्त 2 नमुन्यांत ते किलोला 100 ते 200 मिलिग्रॅमच्या दरम्यान चालतं, 200 च्या वर एकाही नमुन्यात नाही. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर उतरणारा बांगडा किती अंशांवर आहे, बर्फात जाईपर्यंत किती वेळ गेला आणि हिस्टामिन किती चढलं, एवढंच नीट मोजलं तरी प्रकल्प उभा राहतो. कॉलेजात एचपीएलसी हे रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र नसेल तर एलायझा या तयार चाचणी-किटवर भागवता येतं. नमुना मात्र उतरवल्याबरोबर बर्फात जायला हवा. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो गरम झाला तर ती जेटीचं हिस्टामिन नाही, स्वतःच्या पिशवीतलं मोजेल.

सुट्टीत इंटर्नशिपसाठी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्यांच्या क्वालिटी विभागांकडे कॉलेजच्या पत्रासह अर्ज करावा. कोचीची सीआयएफटी ही मासळी तंत्रज्ञानाची मोठी केंद्रीय संस्था, तिथल्या हॅसेपच्या (अन्न बनवताना धोके कुठे आहेत ते ओळखून रोखण्याच्या पद्धतीच्या) प्रशिक्षणावर लक्ष ठेवावं. एफएओच्या ई-लर्निंग अकादमीत कोडेक्सवरचे अभ्यासक्रम मोफत आहेत, ते आधी करावेत. पैसे घेऊन वाटलेल्या ‘इंटरनॅशनल’ प्रमाणपत्रांना प्रवेशात फारसं वजन नसतं.

पुढे दोन वाटा. देशात राहायचं तर म्हैसूरची सीएफटीआरआय, हरियाणातल्या कुंडलीची किंवा तंजावरची निफ्टेम, या अन्नतंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्था. गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या लाइफ सायन्सेस पेपरात फूड टेक्नॉलॉजीचा विभाग निवडता येतो. बाहेर जायचं तर नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाचं फूड सेफ्टीतलं दोन वर्षांचं मास्टर्स आहे, पण खर्च मोठा. म्हणून तिने इरास्मुस मुंडुस या युरोपीय संघाच्या योजनेतले, अनेक विद्यापीठं मिळून चालवतात ते अन्नविषयक मास्टर्स अभ्यासक्रम पाहावेत. शिष्यवृत्ती मिळाली तर फी लागत नाही आणि महिन्याला 1,400 युरो हाती येतात. अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत असतात, म्हणून शिफारसपत्रं देणाऱ्या शिक्षकांशी आणि आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेशी चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच गाठ घालावी.

आणि नोकरीची वाट कमी लेखू नका. मायक्रोबायोलॉजीच्या पदवीवर फूड सेफ्टी ऑफिसरच्या पदासाठी अर्ज करता येतो. फूड अ‍ॅनालिस्ट (अन्नाचे नमुने तपासून अहवाल देणारा) व्हायला पदव्युत्तर पदवी, अन्नविश्लेषणाचा तीन वर्षांचा अनुभव आणि एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परीक्षा लागते. मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकेची एफडीए यांनी 1996 मध्ये काढलेल्या जिफसान या अन्नसुरक्षेच्या संस्थेसारख्या संस्थांची छोटी प्रशिक्षणं मुख्यतः आधीच प्रयोगशाळेत किंवा सरकारी खात्यात असलेल्यांसाठी असतात. तिथे बांबोळीच्या प्रशासनात नोकरीला असताना जाणं हे डिचोलीहून कर्ज काढून जाण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

या महिन्यात एवढं करा: कॉलेजात विचारा की चौथ्या वर्षाचं संशोधन मायक्रोबायोलॉजीत होतं का आणि मार्गदर्शक कोण. होत नसेल तर कुठल्या कॉलेजात होतं, याची चौकशी गोवा विद्यापीठात आत्ताच करून ठेवा.