बायको ६०० ची बीआरएम करतेय आणि आपण मित्रांबरोबर मजा करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायकोची पहिलीच ६०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे चाळीस तासांच्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, आणि ती सुटते तिथेच तुमचा जुना ग्रुप वीकेंडला जमतोय. ती चाळीस तास सायकलवर असताना आपण इकडे हसत-खिदळत बसायचं, हे बरं दिसतं का?

हे तिलाच विचारा, आणि शुक्रवारी रात्री दिव्यांच्या चार्जिंगच्या गडबडीत नको, त्याच्या आधी. माझा नवरा बरीच वर्षं लांबच्या राइड करतो. त्याचं म्हणणं, मी कुठेतरी एकटी ताटकळतेय हे डोक्यात असलं की त्याला कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, पाच मिनिटं पाठ टेकायचीही चोरी होते. मी मैत्रिणींत रमलेय हे कळलं की तो निवांत.

आणि नियमानेही तुम्हाला फारसं काही करता येत नाही. बीआरएममध्ये बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर चालते. काळजीपोटी गाडी घेऊन मागे मागे फिरलात, मध्येच थांबवून बाटली दिलीत, तर तिची राइडच बाद होऊ शकते.

आता वेळेचं गणित. कंट्रोल उघडायची वेळ पहिल्या २०० किमीला ताशी ३४ आणि पुढच्या २०० ला ताशी ३२ या वेगाने काढतात, बंद व्हायची ताशी १५ ने. म्हणजे शनिवारी सकाळी सहाला सुटली, तर ३०० किमीचा कंट्रोल दुपारी तीनला उघडतो आणि रात्री दोनला बंद होतो. मधले अकरा तास तिथे बसून राहणं हा वेडेपणा आहे. तिच्याकडून प्रत्येक कंट्रोलवरून एक मेसेज एवढंच मागा. २०० ला दुपारी चारला पोचली, तर ३०० ला रात्री दहा धरा. अंधारात वेग पडतोच. लाइव्ह लोकेशनचा हट्ट धरू नका, फोनची बॅटरी तिला रात्री लागणार आहे. आणि फोन उचलला नाही म्हणजे काहीतरी झालं असंही नाही, बहुतेक वेळा ती चढावर असते.

म्हणजे शनिवारचा अख्खा दिवस तुमचा. मैफल दुपारीच रंगवा. ग्रुप पिणाऱ्यांचा असेल तर मात्र एक आधीच सांगून टाका, की दोन्ही दिवस तुम्ही कोरडे. रात्री कंट्रोलवर गाडी तुम्हालाच न्यायची आहे, रविवारी परतही तुम्हालाच.

कंट्रोलवर जाताना फार तर एक-दोन मित्र सोबत घ्या, अख्खी गँग नको. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर धुळीचा आणि वाळलेल्या घामाचा थर असतो, कोणाला सेल्फी हवा असला की चिडचिड होते. 'कसं वाटतंय?' विचारू नका, त्याला तिच्याकडे उत्तर नसतं. 'बाटल्या भरू? शॉर्ट्स बदलतेस? मागचा दिवा चार्ज आहे?' असं विचारा. पिशवीत कोरडी शॉर्ट्स, मोजे, चार्ज केलेली पॉवर बँक, क्रीम, चेनचं तेल ठेवा. सर्वात आधी ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे राइडच्या नोंदीच्या कार्डावर, कंट्रोलचा शिक्का, मग बाकीचं. झोपेच्या गुंगीत नेमकं तेच विसरतात.

पाण्याबद्दल एक. प्रेमापोटी 'अजून पी, अजून पी' करू नका. बोटं सुजून अंगठी रुतत असेल, डोकं दुखत असेल, मळमळत असेल आणि ती सतत पाणीच पीत आली असेल, तर रक्तातलं सोडियम उतरल्याची शक्यता असते. तिथे आणखी साधं पाणी घातक. बोलण्यात गोंधळ वाटला तर सरळ डॉक्टर.

पहाटे तीनला 'मला नाही होणार, ये घ्यायला' असा फोन येऊ शकतो. लगेच 'सोड, निघतो मी' म्हणू नका. काहीतरी पोटात घाल, अर्धा तास डोळे मीट, मग ठरव, असं सांगा. वेळ हातात असेल तर अर्ध्या तासाच्या झोपेनंतर माणूस वेगळाच बोलतो. पण छातीत दुखणं, असंबद्ध बोलणं, पोटात काहीच न टिकणं, झोपेने सायकल रस्ताभर जाणं, यातलं काही असेल तर चर्चा नाही. तिने जागच्या जागी थांबायचं, आयोजकांना कळवायचं, तुम्ही निघायचं. ही यादी दोघांनी आधीच ठरवून ठेवा. रस्त्यावर असताना तिला वाद घालता येतो, नीट विचार करता येत नाही.

म्हणूनच शनिवारी कंट्रोलवरून आल्यावर फोन उशाशी मोठ्या आवाजावर ठेवून झोपा. मित्रांच्या गप्पा पहाटेपर्यंत चालतील, त्यांना चालू द्या. रविवारी रात्री दहाला मुदत संपते आणि ती दोन रात्रींत जेमतेम काही तास झोपलेली असते. तिने 'मी एकदम फ्रेश आहे' म्हटलं तरी किल्ली देऊ नका. शक्य असेल तर त्या रात्री तिथेच मुक्काम करा.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होणं हे लांब राइडनंतर नेहमीचं. काही दिवस शर्टाची बटणंसुद्धा नीट लागत नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत उतरलं नाही तर दाखवून घ्या. सोमवारची सुट्टी दोघांनीही टाका. आणि २००, ३००, ४०० याच सीझनमध्ये झाल्या असतील तर ती एसआर (सुपर रँडोनर, चारही अंतरं एका सीझनमध्ये पुरी करणाऱ्याचा किताब) झाली, म्हणजे लवकरच घरात १२०० ची भाषा सुरू होईल.