कपाटातले प्रश्न: जाडजूड सुपरहिरो

(ठाण्यात नौपाड्यात वर्षानुवर्षं बाईंडिंगचं काम केलेले आणि कॉमिक्सचं वेड न सुटलेले आमचे ‘बाईंडरकाका’ वाचकांना उत्तरं देतात.)

काका, मी ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ऑम्निबसचा, म्हणजे अनेक अंक एकत्र बांधलेल्या जाडजूड पुस्तकाचा, पहिला खंड घेतला. हजाराच्या वर पानं आहेत. मित्र म्हणतो, प्लास्टिक फोडू नकोस, पुढे भाव येईल. काय करू? – एक वाचक, नेरूळ

आजच फोड. एखादा फर्मा (घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) उलटा लागलेला असला किंवा पानं गायब असली तर ते परत करायच्या मुदतीतच कळायला हवं. आणि भावाचं म्हणशील, तर बाजारात संपलेल्या खंडाची किंमत वाढते हे खरं. पण प्रकाशकाने नवी आवृत्ती काढली की तीच किंमत धाडकन खाली येते. त्या भरवशावर एवढी महागडी वस्तू कपाटात कोंडून ठेवण्यात मला राम दिसत नाही.

मात्र उघडताना घाई नको. कणा टेबलावर टेकव, दोन्ही पुठ्ठे आडवे पाड, मग थोडी पानं डावीकडून, थोडी उजवीकडून अशी दाबत मध्यापर्यंत ये. मांडीवर घेऊन मधोमध फाकवलंस तर कणा मोडेल. वरच्या कडेने कण्यात डोकावून बघ. घडी घातलेल्या कागदांचे गठ्ठे आणि घडीत दोरा दिसला तर शिलाई आहे. नुसता गोंद असेल तर दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या खाचेत अर्धं गडप होतं.

आणि वाच रे! १९६२च्या ऑगस्टमधली पहिली गोष्ट आणि चित्रकार स्टीव्ह डिटकोने चितारलेले सगळे ३८ अंक त्यात आहेत. ३३व्या अंकात स्पायडरमॅन भल्यामोठ्या यंत्राखाली अडकतो. डिटको पानामागून पान चौकटी मोठ्या करत नेतो आणि यंत्र उचललं जातं ते अख्ख्या पानावर. मोबाइलवर एकेक चौकट सरकवणाऱ्याला ते पान कधी भेटतच नाही.

घोडबंदरला खाडीची हवा. पावसाळ्यात पुठ्ठे वाकतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू का? – एक वाचक, ठाणे (प.)

नको, आतली ओल आतच कोंडते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. वाकलेला पुठ्ठा कोरड्या दिवसांत वजनाखाली ठेवला की बहुतेक वेळा सरळ होतो. जाड खंड उभे ठेवलेत तर पानांचा गठ्ठा स्वतःच्या भाराने लोंबतो, कारण पुठ्ठे पानांच्या खाली थोडे उतरलेले असतात. तेवढ्या जाडीची पुठ्ठ्याची पट्टी पानांखाली सरकवा. डांबरगोळ्या मात्र ठेवू नका, त्यांचा वास कागदातून वर्षभर जात नाही.

बाबांचे मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे अंक आहेत, वेताळ आणि मँड्रेकचे. बांधून हार्डकव्हर करता येईल का? – एक वाचक, वाशी

ताई, हे पत्र वाचून हात शिवशिवले. इंद्रजाल १९६४ला सुरू झालं आणि १९९०ला बंद पडलं. सुरुवातीच्या वर्षांतले अंक असतील तर त्यांना हात लावू नका, ते सुटेच जपा. संग्राहकाला मूळ अवस्थेतलेच हवे असतात. नंतरचे, बरेचसे फाटके, खुशाल बांधा.

गल्लीतला बाईंडर म्हणेल, गठ्ठा करू, बाजूने टोचू, तिन्ही कडा मशीनवर कापू. तीनही गोष्टींना नाही म्हणा. बाजूने टोचलं की चित्राची आतली कड शिवणीत जाते, आणि कटिंगमध्ये वेताळाच्या घोड्याचे कान गेले तर परत येत नाहीत. मधोमध पिन मारलेला प्रत्येक अंक हा आयता फर्माच असतो. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढायच्या, त्याच भोकांतून घडीत दोरा घालायचा आणि अंकाला अंक शिवत जायचं. आठ-दहा अंकांचा एक खंड पुरे. जास्त घेतलेत तर उघडताना त्रास.

मुखपृष्ठं आणि आतल्या जाहिराती ठेवायच्या आहेत हे आधीच ठणकावून सांगा. न विचारता फाडणारे बाईंडर मी आमच्याच धंद्यात पाहिलेत.