वाचक विचारतात : मोरॅटोरियम म्हणजे व्याज माफ नव्हे

प्रश्न : मुलीला कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) नवी मुंबईतल्या एका प्रायव्हेट कॉलेजात इंजिनिअरिंगची सीट मिळालीये. माझे मिस्टर रबाळे एमआयडीसीत कामाला आहेत, वर्षाचं उत्पन्न साडेपाच लाख, ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला आहे. बँकेत म्हणाले चार लाखांचं लोन घ्या, मोरॅटोरियम आहे, आत्ता काहीच भरायचं नाही. कॉलेजात कुणी स्कॉलरशिप म्हणतं, कुणी टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीची योजना). यातलं परत काय फेडावं लागतं?
— एक आई, कळवा

उत्तर : ताई, सही करायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. फेडावं लागतं ते फक्त लोन, बाकी दोन्ही नाही. म्हणून आधी स्कॉलरशिप बघा आणि उरेल तेवढ्याचंच लोन काढा.

तुमच्यासाठी महत्त्वाची आहे ती राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्न 8 लाखांपर्यंत आणि सीट कॅपची हवी, मॅनेजमेंट कोट्याला नाही. मुलांना ट्यूशन फीचे 50 टक्के मिळतात, पण 2024-25 पासून मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी 100 टक्के. डेव्हलपमेंट फी, बस, पुस्तकं हे मात्र तुमचंच. फॉर्म राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, आणि दरवर्षी रिन्यू करायचा, हे बरेच जण दुसऱ्या वर्षी विसरतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. आणखी एक, मुलीचं खातं आधारशी सीड झालंय का (जोडलंय का) ते बँकेत जाऊन बघाच, कारण पैसे त्याच खात्यात येतात आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

टीएफडब्ल्यूएसमध्येही ट्यूशन फी माफ असते, पण ती सीट कॅपचा ऑप्शन फॉर्म भरतानाच टाकावी लागते (चॉइस कोडच्या शेवटी टी असतो), अ‍ॅडमिशन झाल्यावर मागून मिळत नाही. तुमच्या बाबतीत तो विषय संपला.

आता मोरॅटोरियम. कोर्स अधिक साधारण एक वर्ष हप्ता नसतो, एवढाच त्याचा अर्थ, व्याज पहिला चेक कॉलेजला गेला त्या दिवसापासून चालू. समजा 10 टक्के दर आहे आणि दर वर्षाच्या सुरुवातीला लाख-लाख असे चार लाख उचलले, तर पहिल्या लाखावर 5 वर्षांचं 50 हजार, मग 40, 30, 20, म्हणजे सरळव्याजानेच 1 लाख 40 हजार होतात आणि मुलीचा पहिला हप्ता 5 लाख 40 हजारांवर बसतो! म्हणून जमेल तसं व्याज तरी भरत राहा, पहिल्या वर्षी महिन्याला 830 रुपयांच्या आसपास येईल. असं भरणाऱ्यांना काही बँका दरात सूटही देतात, ती मागून घ्या. चार लाखांपर्यंत तारण नाही आणि मार्जिनही नाही, म्हणजे स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. त्यामुळे कुणी एफडी ठेवा म्हणालं तर कुठल्या नियमाने ते लेखी मागा.

प्रश्न : लेकाच्या एज्युकेशन लोनचा हप्ता मी भरतो, टॅक्समध्ये काही मिळतं का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : लोन तुमच्याही नावावर असेल तर इन्कम टॅक्स कायद्याखाली (1961 च्या कायद्यात कलम 80ई) व्याजाची पूर्ण वजावट मिळते, मुद्दलाची नाही. व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून जास्तीत जास्त 8 वर्षं, आणि तीही टॅक्सच्या जुन्या रेजीममध्येच, नव्यात नाही. बँकेकडून व्याजाचं सर्टिफिकेट दरवर्षी घेऊन ठेवा.